नोलीन पेंढा भरायला शिकली

आमच्या घरातला मोठा फ्रीझर उघडायचा म्हटलं की मी आधी डोळे मिटते, मग झाकण उचलते आणि हात घालून चाचपते. मटारची पिशवी हाताला लागली तर काढून घेते. केसाळ काही लागलं तर झाकण आपटते, आणि त्या दिवशी जेवणात मटार नाहीत. गेली तीन वर्षं मी असा स्वयंपाक करते आहे, आणि तो माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या कृपेने.

नोलीन तिचं नाव. वय बासष्ट, अंगाने दणकट, बोलायला कंजूष. आमच्या मोकोबर्नच्या मटण-कारखान्यात तिने चौतीस वर्षं मेंढ्यांची कातडी सोलली. साखळीला टांगलेली मेंढी समोर यायची, सुरी चालायची, कातडं उतरायचं, की पुढची हजर. नोलीनच्या हाताला आमच्या अख्ख्या साउथलँड प्रांतात तोड नाही, असं कारखान्यातले लोक सांगायचे. त्यात कौतुक करण्यासारखं काय, ते मला कधी कळलं नाही. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा चरबीचा वास तिच्या आधी दारात पोचायचा. मी तिचे कपडे कायम वेगळे धुतले. मी स्वतः शाळाशाळांतून पोरांचे दात तपासायचे. म्हणजे घाण मीही पाहिली आहे, पण माझी घाण ब्रशने निघायची.

मग कारखाना बंद पडला. मला वाटलं, सुटलो. आता ही बाई बागेत गुलाब लावेल, चर्चच्या बायकांबरोबर विणायला बसेल. कसलं काय. महिनाभर ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नुसती बसून राहिली. हात मांडीवर, आणि उजव्या हाताचा अंगठा आपला हलतोय. सुरी नसताना ती सुरी चालवत होती. मला ते बघवेना, म्हणून मीच तिला ओढून वाचनालयात नेलं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात तो असा. तिथे जुनी पुस्तकं विकायला काढली होती, डॉलरला एक. नोलीनने जन्मात पुस्तक विकत घेतलं नव्हतं, तिने एक उचललं. मेलेल्या जनावरात पेंढा कसा भरावा याचं, सत्तर वर्षांपूर्वीचं, वर तिरळ्या कोल्ह्याचं चित्र.

"हे मला जमेल," ती म्हणाली.

"काय जमेल?"

"कातडं काढता येतंच. परत चढवायला शिकायचं, एवढंच."

एवढंच! त्या पुस्तकात सामानाची दोन पानं भरून यादी होती. काचेचे डोळे, तयार साचे, लाकडाचा तलम कीस, कातडं कमवायची औषधं. एक प्रकरण सोमल या विषावर होतं, ते मी फाडून शेगडीत घातलं. बाकीच्या यादीतलं काही विकत आणायची आमची ऐपत नव्हती. कारखान्याने जाताना दिलेलं सगळं छपराच्या पत्र्यात गेलं होतं, आणि दोघींच्या पेन्शनीत कोळसा, वीज आणि बटाटे भागले की संपलं. मला वाटलं, आता हे खूळ आपोआप निघेल.

पण गरीब माणसाचं डोकं भलतीकडेच चालतं. मीठ तिने गुरांचं आणलं, गोणीभर. कपडे धुवायचा माझा बोरॅक्स कातड्याला कीड लागू नये म्हणून चोळला. आतून भरायला कुंपणाच्या तारांना अडकलेली लोकर वेचून आणली, त्यात मेंढ्यांच्या लेंड्यासुद्धा होत्या, त्या तिने टेबलावर बसून निवडल्या. मी त्याच टेबलावर तांदूळ निवडत होते. पायांत घालायला कुंपणाची तार, बांधायला गवताच्या गठ्ठ्यांची निळी सुतळी. आईचं लाटणं घेतलं, त्याच्यावर कातडं उलटं ताणून चमच्याने चरबी खरवडायची. ते लाटणं पाहून मला आईची आठवण यायची. आता येते ती ओकारी.

कातडं मऊ करायला अंड्याचे पिवळे बलक लागतात, असं पुस्तकात होतं. एका पॉसमला, म्हणजे झाडावरच्या मांजराएवढ्या केसाळ जनावराला, चार, कधी सहा. मग पांढरं काय करायचं? टाकून द्यायला आम्ही काही लक्षाधीश नव्हतो. मी त्याचा पाव्हलोव्हा करायला लागले, साखर घालून फेटून भट्टीत फुलवायचा, वर साय आणि किवी. त्या वर्षी मोकोबर्नमध्ये एकही वाढदिवस, एकही बारसं, एकही मयत माझ्या पाव्हलोव्हाशिवाय पार पडलं नाही. "मर्ना, काय हलका हात आहे गं तुझा!" बायका म्हणायच्या आणि बोटं चाटायच्या. बलक कुठे गेले हे मी कुणाला सांगितलं नाही. ते आमच्या धुण्याच्या खोलीत एका पॉसमला आतून चोपडलेले असायचे.

पॉसम आमच्याकडे फुकट मिळतात. रानं खाऊन टाकतात, पक्ष्यांची अंडी खातात, त्यामुळे मारणाऱ्याचे उलट आभार मानतात. नोलीन सापळे लावायची आणि सकाळी शेपटीला धरून घेऊन यायची. सोलायला तिला काही मिनिटं पुरत. पण पहिल्या तीन पॉसमना तोंडच नव्हतं. कारखान्यात मेंढीच्या कातड्याबरोबर कान, ओठ, पापण्या जात नाहीत, मानेच्या वर आलं की सुरी वळते आणि तो भाग खालच्या डब्यात. हाताला चौतीस वर्षांची सवय. तिला कळायच्या आत तोंड बादलीत पडलेलं असायचं.

"परत?" मी दारातून विचारायचे.

"परत," ती म्हणायची, आणि बादलीत हात घालून ते तोंड वर काढून बघायची, की शिवता येतंय का. मी तिथून पळायचे.

आमच्या शाळेला पैशांची गरज पडली की पॉसम मारायचा शनिवार-रविवार ठरतो. सगळं गाव बंदुका घेऊन निघतं, आणि रविवारी दुपारी शाळेच्या मैदानावर मेलेल्या पॉसमना कपडे घालून सजवायची स्पर्धा असते. कोणी रग्बीवाला करतं, कोणी नर्स, कोणी नवरी. मी याच गावात जन्मले, तरी मला अजून ते बघवत नाही. बक्षीस वाटून झालं की नोलीन ढकलगाडी घेऊन जायची आणि न सोललेले उचलून आणायची. एका वर्षी तिने नवरीच आणली. फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या डब्याशेजारी ती पदर घेऊन महिनाभर पडून होती. वितळवली तेव्हा कळलं की उशीर झालाय, हात लावला की पोटावरचे केस पुंजक्यांनी हातात येत होते. तो वास पडद्यांना बसला. मी पडदे जाळले.

शेवटी एक पॉसम त्यातल्या त्यात बरा झाला. चारही पाय जमिनीला टेकत होते आणि तोंड त्याचंच होतं. डोळे म्हणून तिने माझ्या कोटाची दोन काळी बटणं लावली होती. शेतकी प्रदर्शनात हस्तकलेच्या टेबलावर, लोणच्याच्या बरण्या आणि विणलेल्या टोप्यांच्या मध्ये, तिने तो मांडला. मी अनोळखी असल्यासारखी लांब उभी राहिले. संध्याकाळी परीक्षकबाईंचं कार्ड मिळालं. त्यावर एकच ओळ होती: "प्राणी कोणता?"

सगळं गाव आठवडाभर हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू. नोलीनने ते कार्ड धुण्याच्या खोलीत, तिच्या फळीच्या वर, खिळ्याने ठोकून ठेवलं.

"काढ ते," मी म्हणाले. "स्वतःला कशाला टोचून घेतेस?"

"मर्ना," ती म्हणाली, "मी आयुष्यात पाच-सहा लाख मेंढ्या सोलल्या असतील. त्यातली एकही मला आठवत नाही. एकदा, फक्त एकदा, मी केलेल्या जनावराकडे बघून कुणी म्हणावं, अरे, हा तर अमुक. बस. मग ही सुरी मी तुझ्यासमोर विहिरीत टाकते."

सलग एवढं ती तिच्या लग्नातसुद्धा बोलली नव्हती. मी विहिरीचं वचन लक्षात ठेवलं.

तिसऱ्या वर्षीच्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, जमीन दगडासारखी गोठलेली असताना, डुगल्ड टेट दारात आला. डुगल्ड शाळेत आमच्याबरोबर होता. वरच्या डोंगरावर दोनशे मेंढ्या घेऊन एकटा राहतो, आठवड्यातून एकदा गावात उतरतो आणि हवामानाला शिव्या देऊन परत जातो. त्याच्या खांद्यावर पोतं होतं.

"नोलीन आहे का?"

"आहे. पोत्यात काय आहे?"

"टिब."

टिब त्याची कुत्री. काळीपांढरी, बारीक, चौदा वर्षांची. न भुंकणारी जात ही. डोकं खाली घालून, पोट जमिनीला लावून मेंढ्यांकडे नुसतं बघते आणि मेंढ्या जागच्या जागी थिजतात. आजूबाजूच्या शेतांवर असली नजर दुसऱ्या कुत्र्याला नव्हती. एकदा ती माझ्याकडे तसं बघत होती, तेव्हा मी डुगल्डच्या फाटकावरून अंडी न घेता परत आले होते.

"वाईट झालं रे," मी म्हणाले. "खड्डा खणायला जमीन कडक आहे, पण पहार देते."

"पुरायचीच नाहीये," डुगल्ड म्हणाला आणि बूट न काढता आत शिरला.

नोलीन बाहेर आली. त्याने पोतं टेबलावर ठेवलं. माझ्या टेबलावर, जिथे कणीक तिंबून ठेवली होती.

"इन्व्हरकार्गिल शहरातल्या पेंढा भरणाऱ्या माणसाला फोन केला होता," तो म्हणाला. "तो म्हणतो, हरणाचं डोकं आण, डुकराचं आण. घरचं कुत्रं नको. हरणाला कुणी ओळखत नाही. कुत्र्याला मालक ओळखतो, मग रडतो, मग भांडतो."

"शहाणा माणूस आहे," मी म्हणाले.

"तुला कुणी विचारलंय का, मर्ना?"

नोलीनने पोत्यात हात घालून कान चाचपला. "मी कुत्रं कधी केलं नाही, डुगल्ड. पॉसम केलेत. एक बरा झालाय."

"कुठला? प्रदर्शनातला? मला वाटलं ती टोपी आहे."

"मग आलास कशाला?"

"दुसरीकडे कुठे जाऊ?" तो म्हणाला. मग बराच वेळ हातातली टोपी फिरवत बसला. "पुतण्या म्हणतो, नवीन पिल्लू आण. मला नको पिल्लू. तिच्यासारखी दिसू दे. केस थोडे इकडे तिकडे झाले तरी चालतील, पण नजर तिचीच हवी. तेवढं बघ."

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर मी टिबला दोनदा घालवली असं होईल," डुगल्ड म्हणाला. "एकदा तर गेलीच आहे."

नोलीनने मान डोलावली, आणि टिब आमच्या फ्रीझरमध्ये गेली, पाय पोटाशी घेऊन, मटारच्या पिशवीवर.

त्या रात्रीपासून मी कंबर कसली, की हे होऊ द्यायचं नाही. मी जेवताना रागावले, चहा पिताना रागावले. "अगं, ओळखीची कुत्री ती! तिने तुझ्या हातचं बिस्किट खाल्लंय!" नोलीन म्हणायची, "म्हणूनच." आणि पुस्तकाची पानं उलटायची. ती पंधरा दिवस नुसती वाचत होती. डोक्याचं कातडं आतून कसं सोडवायचं, पापणीपाशी आलं की बाहेरून डाव्या हाताचं बोट डोळ्याच्या खोबणीत घालायचं आणि सुरी बोटाच्या स्पर्शाने चालवायची, हे ती मला जेवणाच्या ताटावर वाचून दाखवायची. मी ताट घेऊन बाहेर पायरीवर जायचे.

एका सोमवारी तिने टिबला बाहेर काढून आमच्या न्हाणीतल्या टबात वितळायला ठेवलं. बुधवारी सकाळी धुण्याच्या खोलीचं दार लावून घेतलं. दुपारपर्यंत मी सोसलं. मग तो वास दाराच्या फटीतून आला, ओल्या कुत्र्याचा आणि त्याच्याखाली दुसरा, गोडसर. माझं डोकं फिरलं. मी दार उघडलं. टिब पाठीवर पडली होती, कातड्यातून बाहेर निघालेली, नुसती लाल. कातडं मानेपाशी उलटं गोळा झालं होतं, मोज्यासारखं, आणि नोलीन डोक्यावर वाकली होती.

"बस कर!" मी ओरडले. "घर आहे हे, कारखाना नाही! पडदे जाळले, लाटणं गेलं, टब गेला. मला उलटी येतेय, नोलीन, रोज येते, तुला काही वाटतं का? किती वेळ चालणार हे?"

"झालंच," ती म्हणाली. "झालंच, थांब."

आणि तिने हाताचा वेग वाढवला. मी समोर उभी राहून किंचाळत होते, आणि तिचा हात कारखान्यातल्या साखळीच्या सवयीवर गेला. सुरी कशी सर्रकन वळली ते मी पाहिलं. नोलीन एकदम थांबली. बोट तिने खोबणीत घातलेलंच नव्हतं. डाव्या डोळ्याची वरची पापणी मधोमध चिरली होती, आणि तिचा कोपरा सुरीच्या पात्याला चिकटला होता.

तिने सुरी खाली ठेवली. हात एप्रनला पुसले. मग ती उलट्या बादलीवर बसली आणि रडायला लागली, तोंड उघडं टाकून, आवाज न करता. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा ती रडली नव्हती. नवरा गेला तेव्हाही नाही.

"नजर," ती म्हणाली. "तेवढीच मागितली होती त्याने."

मला तिथून निघून जायचं होतं, आई शपथ. पण चूक तिच्या एकटीची नव्हती, हे मला कळत होतं, आणि तिने मला तसं म्हटलंही नाही, हे जास्त लागलं. तिची बोटं जाडजूड, कारखान्याची. दोऱ्याने सुतळीसारखे टाके घालते. मी मात्र चाळीस वर्षं बाहुल्यांची आणि बाळांची झबली-टोपरी शिवत आले आहे. मी आत जाऊन सगळ्यांत बारीक सुई, काळा रेशमी दोरा आणि भिंग आणलं. नाकाला कपड्याचा चिमटा लावला.

"सरक," मी म्हणाले. नाकातून म्हणाले, त्यामुळे ते फारसं रागाचं वाटलं नाही.

पापणी हातात घेतली तेव्हा ती थंड, बुळबुळीत होती, आणि तिला बारीक पांढऱ्या पापणीकेसांची ओळ होती. कुत्र्याला पापणीकेस असतात हे मला माहीत नव्हतं. मी आतून एकोणीस टाके घातले. मध्ये दोनदा उठून अंगणात ओकून आले. नोलीन दिवा धरून उभी होती. शेवटचा टाका घालून मी दोरा तोडला आणि म्हणाले, "हे कुणाला सांगितलंस तर याद राख."

पुढचे सात आठवडे आमच्या घरात काय काय शिजलं ते विचारू नका. टिबची कवटी साफ करून आत बसवायची होती, म्हणून ती माझ्या मुरंब्याच्या पातेल्यात उकळली. वरचा फेस नोलीन चमच्याने काढत होती आणि चव बघायच्या सवयीने तिने एकदा चमचा तोंडाजवळ नेला, तो मी हिसकावला. कातडं मिठात, मग आंबट पाण्यात, मग बलकांत. मी नऊ पाव्हलोव्हा केले. टिबच्या लाल अंगाची मापं तिने निळ्या सुतळीला गाठी मारून घेतली होती, छाती, पोट, मांडी, आणि त्या मापाने लोकरीचा देह गुंडाळला. काचेचे डोळे मागवणं शक्यच नव्हतं. तिने काचेच्या अर्ध्या मण्यांना मागून माझ्या नखांना लावायच्या तपकिरी रंगाचे हात दिले. पहिली जोडी फार पिवळी झाली. दुसरी मेंढीची वाटली. शेवटी कितवी जोडी तिने ठेवली ते मी विचारलं नाही. मला त्या खोलीत जायचं नव्हतं.

मग एका सकाळी मी कपड्यांची टोपली घेऊन तिकडे गेले, नेहमीसारखी, विसरून. दार उघडलं, आणि पाय आपोआप मागे आला. कोपऱ्यात, डोकं खाली, पुढचा एक पाय उचललेला, टिब माझ्याकडे बघत होती. टोपली घेऊन मी सरळ स्वयंपाकघरात परतले आणि मग मला कळलं की मी का परतले. डावी पापणी मीच शिवली होती, आणि तरी मी परतले.

"झालंय," मी नोलीनला म्हणाले.

सप्टेंबरमध्ये, मेंढ्या व्यायच्या आधी, आम्ही टिबला घोंगडीत गुंडाळून डुगल्डच्या डोंगरावर घेऊन गेलो. टिब गेल्यापासून त्याच्या मेंढ्या नीट गोळा झालेल्या नव्हत्या. मागचं सगळं अंग घाणीने माखलेलं, लोकर लोंबत होती. डुगल्ड स्वतःही तसाच दिसत होता. नोलीनने घोंगडी काढली आणि दोन पावलं मागे झाली. तिचा अंगठा हलत होता.

डुगल्ड गुडघ्यावर बसला. त्याने टिबच्या पाठीवरून हात फिरवला, मग कानावरून, मग अंगठा डाव्या पापणीवरून हळूच ओढला. छान म्हणाला नाही, वाईट म्हणाला नाही. उठला, टिबला कुशीत घेतलं आणि मेंढ्यांच्या वाड्याशी जिथे कुंपणाला भगदाड आहे तिथे नेऊन ठेवलं. तिची रोजची जागा ती. तिथे ती बसली की मेंढ्या भगदाडातून न निसटता उजवीकडे वाड्यात वळत.

"तुम्ही दोघी मागून हाका," तो म्हणाला.

"डुगल्ड, आम्ही साठीच्या बायका आहोत," मी म्हणाले.

"मग हळू हाका."

आम्ही हात पसरून, हुश्श हुश्श करत, चिखलात घसरत त्या दोनशे मेंढ्या खाली आणल्या. मेंढ्या वाड्यापाशी आल्या, भगदाड त्यांना दिसलं, पुढच्या चारपाच तिकडे धावल्या. आणि थांबल्या. सगळ्यांत म्हातारी मेंढी पुढचा पाय आपटून उभी राहिली. टिब डोकं खाली घालून बघत होती. वारा तिच्या केसांत शिरत होता. म्हातारी मेंढी वळली, तिच्यामागे सगळ्या वळल्या आणि भराभर वाड्यात शिरल्या.

नोलीन हसली. मोठ्याने, पोट धरून, चिखलात उभी राहून. "बघितलंस?" ती मला म्हणाली. "मर्ना, बघितलंस? मेंढ्यांनी ओळखलं!" तिचं असं तोंड मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं, आणि मलाही हसू फुटलं.

डुगल्डने वाड्याला कडी घातली. मग दोन बोटं तोंडात घालून एक छोटी शीळ मारली, दिवसाचं काम संपल्यावर मारायचा तशी, आणि मागे न बघता घराकडे निघाला. कुत्री मागून येणारच, कशाला बघायचं? चौदा वर्षं त्याने बघितलं नसेल. तो घराच्या फाटकापर्यंत गेला, फाटक उघडलं आणि कुत्री आत शिरेल एवढं, गुडघ्याएवढं, उघडं धरून उभा राहिला.

आमचं हसू जागच्या जागी विरलं.

"टिब," तो म्हणाला. अजून आमच्याकडे पाठच होती. थोड्या वेळाने लाडाने रागावून, "ए टिबे, ये की गं. माझा हात दुखतोय."

नोलीनला हवं होतं ते एवढंच. कुणीतरी नाव घेतलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं तर ती पांढरीफटक पडली होती. आणि मला किळस आली. गेल्या तीन वर्षांत आली होती ती वासाची, चरबीची, उकळत्या पातेल्याची होती, ती ओकलं की जायची. ही माझ्याच बोटांची होती.

डुगल्ड फाटक धरून उभाच होता. त्याचे खांदे हळूहळू खाली यायला लागले होते, म्हणजे त्याला समजत होतं, पण तो वळत नव्हता. नोलीन चिखल तुडवत भगदाडापाशी गेली. टिबला उचलून तिने छातीशी धरलं, टिबचे पाय ताठ बाहेर आले होते. तशीच ती फाटकापर्यंत चालत गेली आणि त्याच्या पाठीशी उभी राहिली.

"डुगल्ड," ती म्हणाली, "ती मेलीय रे. मीच तिला आतून रिकामी केली, या हातांनी. हिच्यात काही नाही, तुझ्याच कुंपणावरची लोकर आहे. फाटक लाव."

त्याने बऱ्याच वेळाने लावलं.